किल्ल्याची माती आधी आणा

साताऱ्याच्या गोडोलीतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत, मुलगी साडेतीनची. दिवाळीची सुट्टी १६ दिवस, नवऱ्याला कंपनीतून मिळतात ४. सासूबाई घरात आहेत, पण गुडघ्यांनी बेजार. या ताई स्वतः घरी बसून हिशेबाची कामं करतात. त्या लिहितात, "सकाळी नऊलाच दोघांची जुंपते. मी फराळात असते, मग हातात मोबाइल देते आणि रात्री स्वतःचाच राग येतो. गेल्या वर्षी भाऊबीज झाल्यावर बाथरूमची कडी लावून रडले. यंदा एखादं शिबिर लावू का? नाहीतर ही सुट्टी काढू कशी?"

ताई, शिबिर लावायचंच असेल तर भाऊबीजेनंतरचं बघा. त्याआधी अजिबात नको, कारण त्या आठवड्यात तुमच्या घरात जे चालतं ते कुठल्याच शिबिरात मिळत नाही.

मी मंगळवार पेठेत २७ वर्षं बालवाडी चालवतेय. सुट्टी संपली की पहिल्या दिवशी मुलांना गोल बसवून विचारते, सुट्टीत काय काय केलं? आजवर ऐकलेली उत्तरं अशी: "आमच्या किल्ल्यात बेडूक राहायला आला." "मी आजीला शंभर वाती मोजून दिल्या" (शंभरपर्यंत येत नव्हतं त्याला, पण दिल्या). "पप्पांनी मला सोऱ्या फिरवू दिला." एक मुलगी चार दिवस गोव्याला जाऊन आली होती. तिनं सांगितलं ते एवढंच, की गाडीत तिला उलटी झाली आणि बाबांनी ती पुसली. समुद्राचं नावसुद्धा काढलं नाही.

दिवाळीत वर्षभरात नसतं एवढं काम घरात निघतं. डबे उतरतात, माळे रिकामे होतात, कणीक-मैद्याचे ढीग पडतात, अनोळखी वस्तू बाहेर येतात. या वयाच्या मुलाला याहून मोठी जत्रा नाही. आणि नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, "जा रे, तिकडं जाऊन खेळा, मध्ये येऊ नका." मग ती तिकडं जातात, दहा मिनिटांत एकमेकांना बोचकारतात आणि तुम्ही पिठाच्या हातानं धावत येता. म्हणजे तुम्हाला बोलवायचा हमखास उपाय त्यांना सापडला की! तुमच्याकडं जुंपते ती नऊ वाजता. तुम्ही ओट्याला लागता तीही बहुधा हीच वेळ असणार, बघा आठवून.

तेव्हा माझं सांगणं एकच: त्यांना रमवायच्या मागं लागू नका, कामाला घ्या. आपण साताऱ्याची माणसं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि पोरांना हातानं काम करत शिकायला लावलं. ती पोरं मोठी होती, कबूल. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला पणत्या भिजत घालता येतात. नव्या पणत्या कोरड्याच वापरल्या तर तेल पितात, म्हणून आधी पाण्यात बुडवून ठेवायच्या. पणतीतून बुडबुडे येतात, बारीक सूं सूं आवाज येतो. वीस पणत्या, एक बादली, न्हाणीघरात उकिडवी बसलेली मुलगी: अर्धा तास घरात कोण आहे की नाही असं होतं. फ्रॉक भिजतो. भिजू दे.

काम मात्र खरं हवं. खोटं काम मुलांना लगेच कळतं. तुम्ही लाटत असताना तिला कणकेचा गोळा देऊन "तू पण कर हां पोळी" म्हणालात तर ती पाच मिनिटं खेळेल आणि गोळा गादीखाली सापडेल. त्यापेक्षा शंकरपाळ्याची लाटलेली पोळी तिच्यापुढं ठेवा आणि कातणं हातात द्या. वाकडंतिकडं कापेल, त्रिकोण करील, एक हातभर लांब पट्टी काढील. सगळं तळा. तिच्या शंकरपाळ्यांचा डबा वेगळा ठेवा आणि पाहुणे आले की तो तिनंच उघडून द्यायचा. मोठ्याला मोजायचं काम: एका घाण्याला चकल्या किती, एकूण घाणे किती, तुटलेल्या किती. दुसरीतल्या मुलाला एवढा हिशेब जमतो, आणि तुमचाच मुलगा म्हटल्यावर आवडेलही. बेसनाच्या लाडवाला बेदाणा लावणं हे दोघांत वाटू नका, भांडणं होतात. ते धाकटीचंच.

आता तळण. इथं मी अगदी कडक आहे. कढई चढली की ओट्याजवळ कुणीही मूल नको, मदतीलाही नाही. मूठ आत वळवलेली, कढई मागच्या शेगडीवर, आणि खाली बसून शेगडीवर तळायची जुनी सवय असेल तर घरात लहान मूल असेपर्यंत ती बंद. या वेळेला मुलांना टीव्ही लावून द्या. हो, मीच सांगतेय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास पडदा सांगितलाय, तोही कमी झाला तर उत्तम. तो तास रडारड थांबवायला उधळण्यापेक्षा गरम तेलाच्या वेळेसाठी राखून ठेवा. टीव्हीच, मोबाइल नको. टीव्ही दोघं मिळून बघतात आणि तळण संपलं की तुम्ही बंद करू शकता. मोबाइल हातातून ओढून घ्यावा लागतो, आणि तिथून पुढचा अर्धा तास तुम्हाला माहीतच आहे. असं ठरवून दाखवलंत तर रात्रीचा तो स्वतःवरचा रागही येणार नाही.

आता किल्ला. दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांचं घर कशानं शांत राहतं, असं मला कुणी विचारलं तर मी मातीचं नाव घेते. साताऱ्यात हे वेगळं सांगायला नको, पण गेल्या काही वर्षांत तयार प्लास्टरचे किल्ले विकत आणून व्हरांड्यात मांडायची पद्धत आलीय, म्हणून सांगते. मांडायला दहा मिनिटं लागतात आणि मग सुट्टीचे पंधरा दिवस उरतातच.

सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारी माती आणा. हे एक काम नवऱ्याकडं द्या, सुट्टी असो नसो. दोन-तीन घमेली पुरते. फुटक्या विटा, दगड, एखादं जुनं खोकं आणि धान्याचं गोणपाट. विटा-दगडांची चळत रचायची, गोणपाट पातळ चिखलात बुडवून वर पांघरायचं, मग हातानं चिखल थापून कडे, बुरूज, वाटा काढायच्या. माती एक दिवस आधी भिजवून ठेवा, लगेच कालवलेल्या मातीला वाळताना मोठ्या भेगा जातात. हळीव पेरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसतं, म्हणजे धनत्रयोदशीला डोंगर हिरवा हवा असेल तर मागं मोजून पेरणी करायची. हे मोजायचं काम मोठ्याचं, कॅलेंडरवर खुणा करून. मोहरीपेक्षा हळीव बरं. भिजलं की ते बुळबुळीत होतं आणि गोणपाटाला चिकटून बसतं, उतारावरून घरंगळत नाही. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पहिल्या दिवशी ओततातच, अर्धा डोंगर वाहून जातो, मग दुसऱ्या दिवशी आपोआप शिंपडतात.

किल्ला कुठला करायचा यात मोठ्यांनी फार पडू नये. माझ्याकडं एक मुलगा होता, त्यानं अजिंक्यतारा केला आणि वर सायकलची एक तार खोचली. वडील म्हणाले, अरे, हे काय? तो म्हणाला, टॉवर. त्याच्या खिडकीतून रोज गडावरचा टीव्हीचा टॉवरच दिसतो ना. वडील म्हणाले, महाराजांच्या वेळी टॉवर नव्हता. पोरगं म्हणालं, "पण आता आहे." तार तशीच राहिली, तिच्या शेजारी सिंहासन. मला तो साताऱ्यातला सगळ्यात खरा किल्ला वाटला होता.

तुमच्याकडं खरी अडचण धाकटीची. मोठा दोन तास खपून बुरूज उभा करणार आणि ही त्यावर पाय देणार. तिला "हात लावू नको" म्हणून बारा दिवस भागणार नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी पाट ठेवा आणि त्या पाटावर तिचं गाव. एक वाटी मातीत पुरली की विहीर झाली. थोडं हळीव, ते तिचं शेत. प्लास्टिकची गाय असेल तर गाय. पाणी घालायला चमचा. पाट आणि किल्ला यांच्यामध्ये मोठ्यानं तटाची भिंत घालायची आणि ती ओलांडायची नाही, कुणीच. त्यालाही तिच्या विहिरीत हात घालायची परवानगी नाही. हा दोन्हीकडचा नियम फार महत्त्वाचा आहे. एकट्या लहानावर घातलेली बंदी टिकत नाही. मावळे मोती चौकातून आणायचे तर दोघांना घेऊन जा, प्रत्येकाला ठरलेले पैसे द्या आणि निवडताना गप्प राहा. धाकटी मावळ्यांऐवजी एक भाजीवाली आणि दोन कोंबड्या आणेल. आणू दे, गावाला लागतातच.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मला तिथं गुंता दिसतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला "जरा मुलांकडं बघा" हे काम देऊ नका. उठून धावता येत नाही, मग त्या बसल्या जागेवरून ओरडतात, मुलं ऐकत नाहीत आणि तिघंही चिडतात. त्यांना बसून करायचं काम द्या आणि मूल त्यांच्या हाताखाली द्या. वाती वळणं, खळ शिजल्यावर कंदिलाच्या कामट्यांना कागद लावणं, वेलदोडे सोलणं. किल्ल्याची गोष्टही त्यांच्याकडंच सोपवा: १७०० साली औरंगजेबानं हा गड घेऊन नाव आझमतारा ठेवलं, मग ताराराणींच्या माणसांनी परत घेतला आणि तो अजिंक्यतारा झाला. सात वर्षांच्या मुलाला नाव बदलणं ही भलतीच जबर गोष्ट वाटते. कंदील, गडाचा चुना-गेरू, रांगोळी यात आजीचा शब्द शेवटचा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. (फराळात साखर किती हे मात्र तुमचं. माझ्या सासूबाईंबरोबर मी हे बारा वर्षांनी ठरवलं, उशीरच झाला.)

पहिल्या अंघोळीच्या दिवशी सकाळी अकराला मूल बिथरलं की घरात कुणीतरी म्हणतं, नजर लागली, मीठ-मोहऱ्या उतरवा. उतरवा, पण झोपही मोजा. फटाक्यांची वेळ सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रात्री ८ ते १० अशी बांधून दिली. प्रत्यक्षात पेठेत अकरा वाजतात. मुलं साडेअकराला झोपणार आणि पाचला तुम्ही तेल लावायला उठवणार, म्हणजे साडेपाच तास. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास लागतात, तुमच्या मोठ्याला ९ तरी. आदल्या रात्री नऊला दिवे बंद करा, नाहीतर धाकटीला सातला उठवून अंघोळ घाला. देव रागवत नाही. दुपारी जेवणानंतर घर अंधारं करून सगळ्यांनी आडवं व्हायचं, पाहुणे असले तरी. उटणं साडेतीनच्या कातडीला चरचरतं, तिला साईत कालवलेलं बेसन पुरे.

फटाक्यांचं थोडक्यात. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना फुलबाजी पेटवून झाली, तार अंगणात टाकली आणि दोन मिनिटांनी तोच अनवाणी तिच्यावर उभा राहिला. फुलबाजीच्या टोकाला हजार अंशांच्या वर उष्णता असते आणि विझलेली तार काळी दिसते, गरम दिसत नाही. घरात सात मोठी माणसं होती, सगळी आकाशाकडं बघत होती. कुणीतरी टूथपेस्ट लावली. दवाखान्यात ती खरवडून काढताना तो जे ओरडला ते मला अजून ऐकू येतं. तेव्हापासून आमच्याकडं अंगणात आधी पाण्याची बादली, मग माचिस. जळलेली प्रत्येक तार बादलीत. पायात बूट, अंगात सुती कपडे, ओढणी-घेर नको. भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट तर नाहीच. फोड मोठा असेल, चेहरा किंवा बोटांची पेरं भाजली असतील तर लगेच डॉक्टर. आणि नागगोळी आणू नका. लहान दिसते म्हणून आपण ती लहानांना देतो, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये धूर मोजला तेव्हा सगळ्यात वर तीच निघाली. पोरं तर तिच्यावर ओणवी होऊन बघतात.

पाहुण्यांकडं गेल्यावर "पाया पड, गाणं म्हण, काकूच्या मांडीवर बस" यातलं फक्त पहिलं सांगा, तेही एकदाच.

आता तुमची ती बाथरूमची कडी. तुम्ही लिहिलंय, भाऊबीज झाल्यावर. मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. सुट्टी अवघड असते ती तिथून पुढं. दिवाळीचे दिवस कसे का होईना ढकलत नेतात. मग एके दिवशी सकाळी नवरा कामावर, नणंद गाडीत बसून गेलेली, डब्यात चिवड्याचा चुरा, मुलांना जागरणाची सवय आणि घरात कुणीच नाही. मोठ्यांनाही ती उतरण जाणवते, मुलांना तर फारच. तिथं अजून सहा-सात दिवस उरलेले असतात आणि त्यांचा विचार कुणी केलेला नसतो. तुम्ही माहेरी जाणार असाल तर भाऊबीजेला तोंड दाखवून परतू नका, दोन दिवस राहा. शिबिर लावायचं तर याच दिवसांत, सकाळचे दोन तास. आणि तुमचं हिशेबाचं काम त्या दोन तासांत करा. भांडी नका काढू.

शिबिर नसेल तर दिवसाआड एक बाहेरचं ठिकाण, एकच, आणि सकाळी. कासला फुलं बघायला म्हणून नेऊ नका, दिवाळीपर्यंत ती बहुतेक सरलेली असतात आणि मुलं गाडीत कंटाळतात. 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चालत जा आणि वरून आपलं घर शोधा. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं अशी गोष्ट सांगतात. मुलांना घाट-मंदिरापेक्षा कुत्राच लक्षात राहतो, हे गृहीत धरा. पाण्याच्या कडेला धाकटीचा हात सोडू नका. कोरेगाव-कराडकडं कुणी नातलग असतील आणि गुऱ्हाळ सुरू झालं असेल तर एक अख्खी सकाळ तिथं काढा. लांब उभं राहून, कारण रस उकळायची काहील ही आपल्या कढईची थोरली बहीण. काकवी घरी आणा. सोयाबीनची मळणी चालू असली तर तीही बघू दे, धुरळ्यापासून लांब.

घरी असाल त्या दिवशी "आई, कंटाळा आला" हे तासाला चारदा ऐकू येईल. उत्तर देऊ नका, म्हणजे उपाय सुचवू नका. "हो का?" म्हणा आणि हातातलं करत राहा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं मागं मागं फिरतात, जमिनीवर लोळतात, एकमेकांच्या कागाळ्या आणतात. ती मिनिटं काढायचीच. एका कोपऱ्यात मिठाईची रिकामी खोकी, उरलेल्या कामट्या, सुतळी, जुनी चादर टाकून ठेवा आणि त्याबद्दल चकार शब्द काढू नका. विसाव्या मिनिटाला तिथं काहीतरी दुकान नाहीतर दवाखाना उघडलेला असतो. भांडणात हात उचलला तरच मध्ये पडा आणि न्यायनिवाडा न करता दोघांना दोन कामं द्या. आधी कुणी मारलं हे मला २७ वर्षांत कधी नीट कळलेलं नाही.

सुट्टीचा अभ्यास शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवलात तर तुम्हीच लिहून द्याल. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून नाश्त्यानंतर २० मिनिटं, मग वही बंद. शाळा उघडायच्या चार दिवस आधीपासून झोपायची वेळ रोज अर्धा तास अलीकडं आणा.

आणि किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. तोपर्यंत हळीव पिवळं पडून आडवं झालेलं असतं, बुरुजाला भेगा, विहिरीत डास. पाणी रोज बदला. एका सकाळी मुलं उठायच्या आत आवरून टाकायचा मोह होईल, तो तेवढा टाळा. मोडायचा तर मोठ्यानंच, पहिला घाव त्याचा. गाव धाकटी मोडेल किंवा अजून दोन दिवस मागेल, द्या. माती कुंड्यांत. मावळे, भाजीवाली, कोंबड्या मोजून बुटाच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. विहीर म्हणजे तुमची वाटी, ती घासून परत फडताळात.